वारुळातली ऊब

घोरपडे मास्तरांचं खरं आडनाव घोरपडे नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. धडा बेडकाचा असो की शेवाळाचा, तो शेवटी घोरपडीपाशी येऊन थांबायचा, म्हणून मुलांनी त्यांना हे आडनाव बहाल केलं. पुढे ती मुलं मोठी झाली, कुणी पोस्टात चिकटलं, कुणी बँकेत, आणि आडनावही मास्तरांना चिकटून राहिलं. मास्तर वरवर कुरकुरायचे, पण आतून खूश असायचे. गावात दंतवैद्य दोन होते, वकील पाच होते. घोरपडीचा माणूस एकच होता.

या साऱ्याचं मूळ त्यांच्या परसात होतं. न्हाणीघराच्या मागे, कुंपणाला लागून, वाळवीचं एक वारूळ होतं. चांगलं पुरुषभर उंच, सिमेंटसारखं टणक, वर दोन-तीन शेंडे आलेलं. आणि त्या वारुळाच्या पोटात एक घोरपड राहायची. रान सोडून, नदीकाठची बिळं सोडून तिनं लाखो किड्यांच्या घरात बिऱ्हाड का थाटावं, हा मास्तरांच्या आयुष्याचा प्रश्न होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यावर ग्रंथच लिहायला घेतला. दोन वर्षांत तीनशे वीस पानं झाली. उत्तर मात्र पहिल्याच पानावर होतं. घोरपड वारुळात राहते ती आयत्या खाण्यासाठी. भूक लागली की जीभ बाहेर काढायची, वाळवी हजर. 'एखाद्या माणसानं खाणावळीच्या माडीवर खोली घ्यावी, तसं हे आहे,' असं एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवायचे.

मास्तर पुढच्या खोलीत लिहायचे. मागच्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करायची. गावात तिला सगळे काकू म्हणायचे. झगे, कोट, पडदे, शाळेचे गणवेश, सगळं त्यांच्या हातून जायचं. उजेड मिळावा म्हणून मशीन खिडकीला लावलेलं होतं, आणि ती खिडकी परसात उघडायची, थेट वारुळासमोर. मास्तर घोरपड बघायला दिवसातून एकदा जायचे, चहा झाल्यावर. काकू मान वर केली की बघायच्या, आणि दिवसात त्यांची मान शंभरदा वर व्हायची.

मास्तरांनी एका संशोधन संस्थेला पत्रं पाठवली होती. सहाव्या पत्राला उत्तर आलं, आणि एका सोमवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. आतून पस्तिशीची एक बाई उतरली. पायांत धुळीचे बूट, डोक्यावर टोपी, मागे चार पेट्या. नावापुढे डॉक्टर असल्यामुळे गावात वेगळीच बातमी पसरली आणि तासाभरात शेजारच्या बेकरीवाल्याची सासू गुडघे दाखवायला आली. तिची समजूत काढून परत पाठवण्यात पंधरा मिनिटं गेली.

मास्तरांनी नवा सदरा घातला होता. टेबलावर तीनशे वीस पानं फीत बांधून ठेवली होती. संशोधिकेनं खुर्ची ओढली, वही उघडली आणि मनापासून ऐकायला लागली. मास्तर खुलले. खाणावळीचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण सर, ही वाळवी खाताना तुम्ही तिला किती वेळा पाहिलंय?"

"म्हणजे, पाहण्याचा प्रश्न नाही. ते उघडच आहे."

"तरी. महिन्यातून चारदा? सहादा?"

मास्तर पानं चाळू लागले. तेवढ्यात मागच्या खोलीतलं मशीन थांबलं आणि काकूंचा आवाज आला.

"ती बाहेर जाऊन खाते. बेडूक, उंदीर, बेकरीच्या मागची कोंबडीची अंडी. वाळवी क्वचित. थंडीत तर खातच नाही, नुसती आत पडून असते."

संशोधिकेची पेन्सिल थांबली. "हे कोण सांगतंय?"

"आमची मंडळी," मास्तर हसून म्हणाले. "तिचं लक्ष असतं इकडे-तिकडे. तर मी काय सांगत होतो..."

पण संशोधिका उठली होती. ती मागच्या खोलीत गेली ती तिथलीच झाली. कापडाच्या गठ्ठ्यावर ती फतकल मारून बसली आणि काकूंना एकामागून एक प्रश्न विचारू लागली. मास्तर दारात उभे राहिले. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, आणि त्यांना गठ्ठ्यावर बसायला कुणी सांगितलं नाही.

"तुम्ही म्हणता, ती उबेसाठी आत जाते. हे तुम्हाला कसं कळलं?"

"कपडे वाळत घालताना कळलं. कडाक्याची थंडी होती, हात गोठले होते. वारुळाच्या वरच्या भोकाशी सहज हात गेला तर आतून ऊब. नुसती ऊब नाही हं, दमट ऊब. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की येते ना, तशी. मग मी म्हटलं, ही बया आत का बसते ते आपल्याला कळलं. आपणही बसलो असतो."

संशोधिका खळखळून हसली. मास्तरांनी तिला गेल्या तासाभरात एकदाही हसवलं नव्हतं.

"मग उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात उलटं. बाहेर भाजून निघतं आणि आत तेवढंच असतं, ना जास्त ना कमी. मी दोऱ्याला थर्मामीटर बांधून सोडायची भोकातून. यांच्या शाळेतलं जुनं होतं, ते टाकून देणार होते." त्यांनी मशीनच्या खणातून एक वही काढली. "बघा, इथे आहे लिहिलेलं."

ती मापांची वही होती. गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही, उंची. आणि त्या आकड्यांच्या मधूनमधून, त्याच गोल अक्षरात: 'स. ७. बाहेर ९, आत २९. घो. आत.' पुन्हा कुणाच्या तरी कोटाचं माप, मग 'दु. २. बाहेर ४१, आत ३१. घो. आत, फक्त तोंड बाहेर.'

"असं किती वर्षं लिहिताय?"

"अकरा झाली असतील. मोठी बातमी अजून पुढे आहे. दोन महिन्यांपूर्वी, थंडी सरताना, तिनं वारुळाच्या कुशीत खणायला घेतलं. दीड दिवस खणत होती. मग आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचं पोट उतरलेलं होतं. अहो, मी जन्मभर कमरा मोजतेय, मला नाही कळणार? अंडी घातलीत तिनं आत. आणि मजा म्हणजे ती निघून गेली, भोक तसंच उघडं टाकून. तीन दिवसांत वाळवीनं ते लिंपून टाकलं. आता मुंगूस येऊ दे नाहीतर कुत्रं, त्या भिंतीला कुणाची नखं लागणार? फुकटची ऊब, फुकटची ओल, आणि दार बंद करायला लाखभर चाकर."

संशोधिकेनं मापांची वही दोन्ही हातांत घेतली. मग म्हणाली, "काकू, याच गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं रानात तंबू ठोकून बसतात."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. जन्मात पहिल्यांदा पाहुण्यांसाठी त्यांनी चहा केला होता. साखर घालायची राहिली. दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही, आणि हे मास्तरांना सगळ्यात जास्त लागलं.

संशोधिका चार दिवस राहिली. पेट्यांमधून तारा निघाल्या, यंत्रं निघाली, वारुळाच्या अंगावर पट्ट्या चिकटल्या. काकूंचे आकडे आणि यंत्राचे आकडे जवळजवळ जुळले. मास्तरांना काम मिळालं ते पेट्या धरण्याचं. चौथ्या दिवशी निघताना संशोधिकेनं त्यांचा हात हातात घेतला. "सर, तुम्ही पत्रं पाठवली नसती तर मला काकू भेटल्याच नसत्या." तिनं हे अगदी मनापासून म्हटलं होतं. मास्तरांनी ते वाक्य रोज आठवून आठवून सोलून काढलं. म्हणजे आपण कोण? पोस्टमन.

मग गावाची पाळी आली. न्हाव्यानं गालाला साबण लावतालावता विचारलं, "मास्तर, तुमच्या घोरपडीचं कोडं म्हणे काकूंनी सोडवलं?" तोंडावर फेस असल्यामुळे मास्तरांना उत्तर देता आलं नाही. बेकरीवाल्यानं पाव देताना आत डोकावून हाक मारली, "अहो काकू, आमची कोंबडीची अंडी कोण नेतं ते आधी सांगायचंत की!" परगावी असलेल्या लेकीचा फोन आला. मास्तरांनी तब्येतीचं सांगायला सुरुवात केली तर ती म्हणाली, "बाबा, ते असू दे, आईला द्या ना जरा." मास्तरांनी फोन दिला आणि तिथेच उभे राहिले. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण काकू मधूनच लाजल्यासारखं हसत होत्या. चौतीस वर्षांच्या संसारात ते हसू त्यांनी किती वेळा पाहिलं होतं, हे मास्तर आठवायला लागले आणि आकडा फार मोठा येईना.

रागावण्यासारखं काकू काही करत नव्हत्या, हीच पंचाईत होती. त्या बढाई मारत नव्हत्या. तेच मशीन, तीच भाजी, तेच "अहो, टॉवेल घेतलात का?" एखाद्या रात्री त्यांनी दोन शब्दांचा जरी तोरा मिरवला असता, तरी मास्तरांना भांडायला जागा मिळाली असती. त्या तेवढीही जागा देत नव्हत्या. मास्तर मग भलत्याच गोष्टींवर घसरायचे. आमटी खारट आहे. मशीनचा आवाज फार होतो. माझा चष्मा कुणी हलवला?

"तुमच्याच नाकावर आहे," काकू म्हणायच्या.

महिन्याभरानं संस्थेचं पत्र आलं. काकूंना बोलावलं होतं. दोन दिवस, जायची-यायची सोय, तिथल्या लोकांपुढे वही घेऊन चार शब्द बोलायचे. पाकिटावर फक्त काकूंचं नाव होतं. मास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"तुम्ही चला ना बरोबर," काकू म्हणाल्या.

"मला कामं आहेत."

"कसली?"

"आहेत," मास्तर म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

काकू पहिल्यांदाच एकट्या परगावी गेल्या. जाताना भाजी करून ठेवली, पाव कुठे आहे ते सांगितलं, आणि स्वतः शिवलेला निळा कोट घालून जीपमध्ये बसल्या. त्या कोटात त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. मास्तरांनी हात हलवला नाही. तेवढ्यात त्यांना चपलेचा पट्टा नीट करायचा होता.

घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लिहायला बसले, पण एक ओळ पुढे सरकेना. मागच्या खोलीतला मशीनचा आवाज नव्हता. तो इतकी वर्षं त्यांना खटकायचा, आणि आज तो नाही म्हणून खटकत होतं. शेवटी ते उठून मागे गेले. शिवणाच्या कपाटात खालच्या खणात मापांच्या जुन्या वह्या रचून ठेवलेल्या होत्या. नवी वही काकूंनी नेली होती, या तशाच होत्या. मास्तर जमिनीवर बसले आणि एकेक चाळू लागले. आपण चूक शोधतोय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. एखादा आकडा खोडलेला, एखादा दिवस गाळलेला, एखादी बाष्कळ समजूत. अठ्ठावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला चूक सापडत नाही असं कसं होईल?

नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत, एका झग्याच्या बाहीच्या मापाखाली, त्यांना ही ओळ सापडली: 'आत सारखंच राहतं, थंडीत नि उन्हात. म्हणून ती राहते. आज यांना सांगितलं. हं म्हणाले.'

पुढे घेराचं माप होतं.

मास्तरांनी ओळ पुन्हा वाचली. तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. अशा हजार संध्याकाळी त्यांनी हजार वेळा हं म्हटलं असेल. दुसरा एखादा माणूस त्या ओळीनं नरमला असता. मास्तर पेटले. म्हणजे नऊ वर्षं हिला माहीत होतं! नऊ वर्षं आपण पुढच्या खोलीत बसून खाणावळ-खाणावळ करत होतो, आणि ही मागे बसून मनात हसत होती!

मग त्यांच्या डोक्यात आलं की अंडी कुणी पाहिलीत? कुणीच नाही. पोट उतरलं, हा काय पुरावा झाला? आणि तिकडे तो निळा कोट घालून ही आत्ता, या मिनिटाला, दहा शहाण्या लोकांना सांगतेय की आत अंडी आहेत. नसली तर? शास्त्रात पुरावा लागतो. कुणीतरी बघायलाच हवं. मास्तरांनी हे सगळं स्वतःला अशा स्वरात समजावलं की जणू ते वर्गात उभे आहेत.

सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी माळ्यावरून टिकाव काढला आणि परसात गेले.

पहिला घाव उसळून परत हातात आला. दुसऱ्यानं नुसती धूळ उडाली. मास्तरांना वाटलं होतं वारूळ म्हणजे माती, पण ती माती नव्हती, तो किल्ला होता. सदरा पाठीला चिकटला, तळहाताला फोड आला. त्यांना थांबता आलं असतं. पण प्रत्येक घावाला कुणीतरी आठवत होतं. न्हावी. लेक. 'काकू भेटल्याच नसत्या.' विसाव्या-पंचविसाव्या घावाला ताटाएवढी एक खपली सुटली आणि खाली पडली.

आत पोकळी होती. मास्तर वाकले, आणि त्यांच्या मनगटावर आतून हवा आली. ऊबदार, ओलसर. इस्त्रीच्या वाफेसारखी. तीनशे वीस पानं लिहिणाऱ्या मास्तरांनी त्या भोकाशी आजवर कधी हात नेला नव्हता.

आणि त्या उबेत, मातीत अर्धी रुतलेली, पांढरट लांबुळकी अंडी होती. सात. एकमेकांना खेटून.

मास्तर तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. वाळवीचे शिपाई बाहेर धावले आणि त्यांच्या बोटांना चावू लागले, तरी हात मागे घ्यायचं त्यांना सुचलं नाही. ऊन वर आलं होतं. ते थेट त्या भोकात उतरत होतं, अंड्यांवर.

"काय मास्तर, साप निघाला की काय?" बेकरीवाल्याचं डोकं कुंपणावरून वर आलं.

"हो," मास्तर म्हणाले. "म्हणजे, नाही. गेला."

डोकं खाली गेलं. खोटं किती सहज जमलं, याचं मास्तरांना नवल वाटलं. आता तसंच पुढे रेटायचं. कुत्र्यानं उकरलं. मुंगसानं फोडलं. टिकाव माळ्यावर, सदरा धुवायला. काकू उद्या येणार, तोवर अंडी उन्हानं मेलेली असतील, आणि त्या बिचाऱ्या म्हणतील, नशीब. हा सगळा बेत त्यांनी टिकावाला टेकून उभ्याउभ्या रचला. तो बिनचूक होता. मग त्यांनी पुन्हा अंड्यांकडे पाहिलं. एकावर सावली होती, सहांवर ऊन. ते घरात गेले आणि त्यांनी संस्थेचा नंबर फिरवला.

काकूंना बोलावून आणायला पाच मिनिटं लागली.

"अहो, काय झालं? बरं आहे ना?"

"मी वारूळ फोडलं."

मास्तरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"टिकावानं. अंडी आहेत. सात आहेत. तू म्हणत होतीस तसंच."

"हात लावलात?"

"नाही."

"एकही हलवू नका, उलटू नका. उलटलं की आतला जीव मरतो, असं ही बाई म्हणतेय. ऊन पडतंय का त्यांच्यावर?"

"हो."

"मग आधी सावली करा. चार काठ्या रोवा, जुनी चादर ओली करून वर बांधा. चादर टेकवू नका. आणि भोक तुम्ही लिंपायला जाऊ नका, तुम्हाला जमणार नाही. त्यांना लिंपू दे. ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं..."

"आता नको," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मास्तरांनी काठ्या रोवल्या. चादर वाळली की ते ती पुन्हा भिजवायचे. दुपारभर ते वारुळाशेजारी पाटावर बसून होते. वाळवी कामाला लागली होती. एकेक किडा यायचा, तोंडातला ओल्या मातीचा कण भोकाच्या काठावर चिकटवायचा आणि माघारी जायचा. घाई नाही, गोंधळ नाही, कुणी फोडलं याची चौकशी नाही. संध्याकाळपर्यंत ताटाएवढं भोक बशीएवढं झालं. मास्तरांनी घरातून कागद आणला. जन्मात पहिल्यांदा ते पुस्तकातलं नव्हे, डोळ्यांसमोरचं काही लिहीत होते. वेळ, भोकाची रुंदी, बाहेरची हवा. सगळ्यात वर त्यांनी लिहिलं: 'फोडणारा: मी.'

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. कोट न काढताच त्या मागे गेल्या. भोक आता अंगठ्याएवढं उरलं होतं. त्यांनी वाकून बघितलं, त्यावर तळहात धरला, मग मास्तरांचा कागद उचलून सावकाश वाचला. पहिली ओळ वाचताना त्यांचा चेहरा हलला नाही.

"का केलंत?"

मास्तरांजवळ चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी खरं दिलं. "तुझं चुकावं असं वाटत होतं."

काकू पाटावर बसल्या. मास्तर म्हणाले, "जुन्या वह्या पाहिल्या मी. मी हं म्हटलं होतं. पण तू परत का नाही सांगितलंस? एकदाच सांगायचं आणि गप्प बसायचं?"

"सांगणार होते. दोन-तीनदा दारापर्यंत आलेही. मग वाटलं, नकोच." काकूंनी कोटाचं वरचं बटण काढलं. "हे घर तुमचं, विषय तुमचा, येणारे-जाणारे तुमचे. मी चहा आणायचा. हे एक माझं माझ्याजवळ होतं. तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही त्याचं तीनशे एकविसावं पान केलं असतं."

मास्तर चादरीची गाठ घट्ट करू लागले. ते खोटं नव्हतं.

"आणि मी मनात हसतही होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही खाणावळ म्हणालात की हसू यायचं. ते बरं नव्हतं. पण यायचं."

त्यानंतर त्या आठवडाभर फारसं बोलल्या नाहीत. मास्तरांनी स्वतःच संशोधिकेला पत्र लिहून काय केलं ते कळवलं. तिचं उत्तर कोरडं होतं, पण शेवटी एक ओळ होती की भोक बुजतानाच्या नोंदी नीट आहेत, कामाला येतील. पुढे तिचा लेख छापून आला. वर दोन नावं होती, तिचं आणि काकूंचं. मास्तरांचं नाव शेवटच्या पानावर आभारात, बारीक अक्षरात. त्यांनी भिंग लावून ते वाचलं, आणि जुनं काहीतरी पुन्हा एकदा जागं झालं. ते गेलं नव्हतं. फक्त आता मास्तर त्याला नावानं ओळखत होते.

वारूळ फोडल्याला पाच महिने झाल्यावर, एका ढगाळ दुपारी, मास्तर मागच्या दारात पाय पुसत होते. काकू आत एका बाईच्या अंगावर अर्धा शिवलेला झगा चढवून तोंडात टाचण्या धरून उभ्या होत्या. खिडकीकडे त्यांची पाठ होती. कुंपणाखालून घोरपड आली. तिनं जीभ काढून हवा चाचपली, वारुळाच्या त्याच कुशीला नाक लावलं आणि नखांनी खणायला सुरुवात केली. मास्तरांनी जिथे पंचवीस घाव घातले होते, तिथे ती मोजूनमापून ओरखडत होती. माती निघत होती. मग आतून एक इवलंसं तोंड बाहेर आलं, चिखलानं माखलेलं, आणि त्यामागून दुसरं.

मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

परसात ते एकटेच होते. हे जगात दुसरं कुणीही बघत नव्हतं. तिसरं पिल्लू बाहेर आलं, आईच्या पाठीवरून घसरलं आणि गवतात शिरलं. चौथं आलं. मास्तरांचे डोळे भरून आले. अजून थोडं, ते स्वतःला म्हणत राहिले, अजून थोडं माझ्याकडेच असू दे.

पाचवं डोकं दिसलं तेव्हा ते ओरडले, "अगं, ये! धावत ये!"

काकू धावत आल्या, तोंडात टाचण्या, हातात खडू, काखेत मापांची वही. मागून झग्याचा एक खांदा धरून गिऱ्हाईक बाईही आली. काकूंना शेवटचं पिल्लू दिसलं, कुंपणाखाली नाहीशी होणारी घोरपडीची शेपटी दिसली. वारुळात दोन अंडी तशीच राहिली होती, निळसर पडलेली. ती ज्यांच्यावर ऊन पडलं त्यांतली, की कसं, ते सांगता येत नव्हतं.

काकूंनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"केव्हा सुरू केलं तिनं?"

"चारला."

काकूंनी वळून आतल्या घड्याळात पाहिलं. सव्वाचार होत होते. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, आणि काकूंच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. अकरा वर्षं खिडकीशी बसलेल्या बाईचं नेमकं हेच पाहायचं राहिलं होतं. मास्तरांना त्या चेहऱ्यावरचं सगळं वाचता येत होतं, एकही अक्षर न अडता.

"पंधरा मिनिटं?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

गिऱ्हाईक बाई म्हणाली, "काकू, माझा खांदा सुटतोय हं."

"सुटू दे," काकू म्हणाल्या. त्यांनी पाट ओढला, वही मांडीवर घेतली, खडू ठेवून वहीतली पेन्सिल काढली. आवाज कोरडा होता. "बसा. पहिलं डोकं दिसलं तिथपासून सांगा. काही गाळू नका."

मास्तर जमिनीवर बसले आणि सांगू लागले.